वीतभर समुद्राचं सोवळं

बडोद्यात समुद्र नाही, हे मला आयुष्यात इतक्या लोकांनी सांगितलंय की जणू तो मीच कुठेतरी लपवून ठेवला होता. खाऱ्या पाण्याचे मासे दुकानात ठेवायला लागले तेव्हा तर रोज कुणीतरी विचारायचं, ताई, इथे समुद्र नाही, मग हे जगणार कसे? मी म्हणायची, इथे सफरचंदंही पिकत नाहीत, तुमच्या फ्रिजमध्ये आहेत ना? मग गिऱ्हाईक हसायचं आणि काचेला नाक लावून बघत बसायचं. नाक लागलं की माझं काम झालं, असं मी धरून चालायची.

मांजलपूरला माझं माशांचं दुकान होतं. मासे बघायचे, खायचे नव्हेत. हा खुलासा आधीच करते, कारण दुकान उघडलं त्या आठवड्यात शेजारच्या सोसायटीचे प्रमुख चार माणसं घेऊन आले होते. पाटीवर मी हौसेनं मोठ्या अक्षरांत 'माछली' लिहून घेतलं होतं आणि त्यांना वाटलं, आता जिन्यात वास सुटणार. मी त्यांना आत बसवलं, चहा दिला, गोल्डफिश दाखवले. जाताना प्रमुखांनी नातवासाठी दोन घेतले आणि पाटी बदलायला सांगितली. पाटी बदलली. आमच्याकडे आजेसासरे संस्थानच्या दप्तरात, सासरे शाळेत मास्तर, नवरा कारखान्यात. मासे विकणारी घराण्यात मी पहिलीच, त्यामुळे ती पाटी बदलताना सासूबाईंनाच जास्त बरं वाटलं.

बरीच वर्षं गोल्डफिश, गप्पी, एंजल, हेच चाललं. मग छोटे एलईडी दिवे आले, समुद्राचं मीठ पाकिटांतून मिळू लागलं, आणि टेबलावर मावेल एवढा समुद्र घरात करता येईल अशी सोय झाली. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, पण पहिली छोटी टाकी दुकानात लावली तेव्हा मला त्या सहलीपेक्षा जास्त आनंद झाला. दीड बादली पाणी. त्यात दोन दगड. आणि एके सकाळी शटर उघडून दिवा लावला तर दगडाच्या भोकातून एक केसाएवढा किडा पंख्यासारखी झुलपं बाहेर काढून बसलेला. मी त्याला आणलं नव्हतं, तो दगडातूनच आला होता. मी समोरच्या दर्जीकाकांना हात धरून ओढत आणलं. ते म्हणाले, बेन, आमां शुं जोवानुं, यात काय बघायचं? मी त्यांना भिंग दिलं. नंतर ते रोज यायला लागले.

आता या धंद्याचं मर्म सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं, लहान टाकी म्हणजे सोपी टाकी. उलट आहे. मोठ्या टाकीत तुमची चूक पाण्यात विरून जाते, लहानीत ती लगेच कुणाच्या तरी जिवावर बेतते. सुरुवातीला टाकीत मासा घालायचाच नाही. नुसतं खारं पाणी, वाळू आणि दगड. दगडात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वाढतात, ते पुढे माशांची घाण पचवतात. त्यांची वस्ती जमायला आठवडे लागतात आणि तोवर तुमच्या घरात एक रिकामी काचेची पेटी गुरगुरत असते. गोत्रीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या साखरपुड्याला दिवाणखान्यात शोभा यावी म्हणून टाकी लावून घेतली. मी महिनाभर मासा देणार नाही म्हटल्यावर साखरपुड्यात सगळे पाहुणे पाण्यासमोर उभे. त्यांच्या व्याह्यांनी विचारलं, मासे कुठे लपलेत? आमचे गृहस्थ म्हणाले, झोपलेत. पुढे ते माझे जन्माचे गिऱ्हाईक झाले, पण त्या दिवशी फोनवर मला जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. टाकीवर पंखा लावावा लागतो आणि पाणी रोज खाली जातं. लोक म्हणतात, समुद्र आहे, तर खारंच पाणी भरू. तसं नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या, आरओच्या पाण्याची, काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत. खारं घालत राहिलात तर महिन्याभरात लोणच्याची बरणी तयार होते.

बाकी नियम मी प्रत्येकाला तोंडपाठ म्हणून दाखवायची. हाताला साबण नको, क्रीम नको. टाकीची भांडी वेगळी, ती दुसऱ्या कशाला वापरायची नाहीत. पाणी झाकून ठेवायचं. दिवा आणि खाणं ठरल्या वेळी. जवळ अगरबत्ती, धूप, डासांचा फवारा काही नको. वासणा भागातल्या आबांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मग विचारलं, म्हणजे सोवळंच ना?

हे आबा म्हणजे माझ्या सगळ्या धंद्यातलं सर्वांत आवडतं गिऱ्हाईक. खरं गिऱ्हाईक त्यांची नात, ईशा. कॉलेजात असताना तिनं माझ्याकडून छोटी टाकी नेली. एक नारिंगी क्लाउनफिश, काच साफ करणाऱ्या चार गोगलगायी, दगडावर बटणांएवढी हिरवी प्रवाळं आणि एक कोळंबी. ही कोळंबी लालचुटूक, पाठीवरून पांढरी पट्टी, लांबच लांब पांढऱ्या मिशा. माशाच्या अंगावरची घाण वेचून खाणं हे तिचं काम. मासा तिच्यासमोर येऊन तोंड उघडून उभा राहतो आणि ती आत हात घालून दात साफ करते. ईशानं तिचं नाव बाईसाहेब ठेवलं होतं. आबांची बायको जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. घरात ते फारसे बोलत नसत. मुलगा कारखान्याच्या पाळीत, सून मेधा शाळेत, आणि आबा पूजा आटोपून दिवसभर खुर्चीत. ती टाकी आल्यापासून खुर्ची टाकीकडे वळली, असं मेधा सांगायची.

मग ईशा शिकायला कॅनडाला गेली. बडोद्यात हल्ली दर दुसऱ्या घरातून कुणीतरी जातंच. निघताना तिनं टाकी आबांच्या स्वाधीन केली आणि मला दुकानात येऊन सांगून गेली की, मावशी, त्यांना अडलं तर बघ ने. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न, बाईसाहेब कशा आहेत? आबा फोन काचेला लावायचे, कोळंबी मिशा हलवायची आणि मग पलीकडून जेवणखाण, थंडी, अभ्यास, सगळं बाहेर यायचं. मेधा म्हणाली होती, ताई, आम्ही विचारलं तर 'ठीक' एवढंच म्हणते, आबांशी अर्धा तास बोलते. त्या दीड बादली पाण्यावर आजोबा-नातीचा सगळा व्यवहार चालला होता.

तीनेक महिने छान गेले आणि मग मेधाचा फोन आला. गोगलगायी एकेक करून उलट्या पडत होत्या. प्रवाळांची बटणं मिटली ती उघडेनात. मी जाऊन पाणी तपासलं. खारटपणा बरोबर, तापमान बरोबर, घाण शून्य. थोडं पाणी बदललं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी एका शनिवारी बाईसाहेब गेल्या. रविवारी आबांनी फोन काचेला लावलाच नाही. बाईसाहेब झोपल्यात म्हणाले, आणि लवकर ठेवला.

सोमवारी मी दुकान बंद ठेवून वासण्याला गेले. मला राहवेना. मासा ठणठणीत पोहत होता, खात होता, आणि बाकी सगळं मरत होतं. पाणी घाणीनं बिघडलं असतं तर माशालाही बाधायला हवं होतं. मी घरभर चौकशी केली. फरशीचं फिनेल? नाही. फवारा? नाही. शेजारी रंगकाम? तेही नाही. आबांचा मुलगा पाळीला निघाला होता. तो जाता जाता म्हणाला, रोज घरात काहीतरी मरतंय, आबा नुसते बघत बसतात, आता मासा तुम्ही घेऊन जा आणि हे बंद करू. मेधानं माझ्यापुढे चहा ठेवला.

चहा पिता पिता आबा उठले. त्यांची भर घालायची वेळ झाली होती. देवघरातून त्यांनी एक लोटी आणली, वर ताटली झाकलेली. पंच्याच्या टोकानं ती धरून त्यांनी टाकीत अगदी बारीक धार धरली, एक थेंब बाहेर नाही, एक तरंग नाही. इतक्या मायेनं भर घालणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. लोटी चिंचेनं घासलेली, लखलखीत. तांब्याची.

कप हातातच राहिला. एकीकडे ओरडावंसं वाटत होतं, सापडलं, सापडलं. दुसरीकडे समोर ते म्हातारं माणूस होतं.

"आबा, हे पाणी कुठलं?" मी विचारलं.

"आरओचंच. तुम्ही सांगितलंत तसं. फक्त रात्रभर तांब्यात ठेवतो, शुद्ध होतं. ईशा प्लास्टिकच्या जगानं घालायची. प्लास्टिकला कसलं आलंय सोवळं?"

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, त्यावर आम्ही जे औषध देतो त्यात तांबंच असतं. माशाला ते सोसतं. पण बाटलीवर ठसठशीत लिहिलेलं असतं की कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ असलेल्या टाकीत घालू नये, कारण त्यांना ते विष. माणसाला गुणकारी, देवाला पवित्र, माशाला औषध आणि कोळंबीला मरण. आरओचं पाणी तर धातूला अधिकच खातं आणि आबा लोटी रोज घासून नवी करत होते. दुकानात त्या औषधासाठी ठेवलेली तपासणीची बाटली होती. मी स्कूटर काढून मांजलपूरला जाऊन ती घेऊन आले. काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब घातले आणि आम्ही तिघं खिडकीपाशी उभे राहिलो. पाण्याला रंग चढत गेला. धंद्यातला खरा आनंद हा असतो, मारेकरी डोळ्यांसमोर रंग घेऊन उभा राहतो तो. आणि मी तो आनंद गिळून आबांना सांगितलं, तांबं आहे.

आबांनी नळीकडे पाहिलं, मग लोटीकडे. "म्हणजे मीच," ते म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

मी पुष्कळ बोलले. म्हटलं, साबण विचारते, फवारा विचारते, भांडं कशाचं हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही, कारण असं कुणी करेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून तो माझा पहिला प्रश्न झाला, आणि सांगते, बडोद्यात आणखी दोन घरांत तांब्याचं भांडं निघालं. पण आबांना त्यानं काही फरक पडला नाही. त्यांनी संध्याकाळी स्वतः ईशाला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. ती थोडी रडली, मग म्हणाली, आबा, आपण परत लावू, पण पाणी तुम्हीच घालायचं.

दगड आणि वाळू तांबं पिऊन घेतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. म्हणून दगड फेकले, वाळू फेकली. मासा माझ्याकडे पाहुणा राहिला. आबांच्या मुलाला मेधानं काय सांगितलं कोण जाणे, बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. टाकी धुऊन नवीन पाणी, आत उरलंसुरलं तांबं शोषायला कोळशाची पिशवी, आणि माझ्या दुकानातल्या जुन्या टाकीतले मुरलेले दगड मी स्वतः नेऊन लावले. पुन्हा ती रिकामी पेटी घरात गुरगुरू लागली. रोजची भर निळ्या प्लास्टिकच्या जगानं मेधा घालायची. आबा खुर्ची भिंतीकडे सरकवून लांब बसायचे. मी एकदा म्हटलं, आबा, जरा धार धरा ने, मेधाचा हात तुमच्यासारखा नाही. ते म्हणाले, "माझ्या हातानं नको."

आधी मासा परत गेला. मग एक गोगलगाय सोडली. ती चालली, काच चाटली, टिकली. मग प्रवाळांचा एक छोटा तुकडा, तोही उघडला. मी प्रत्येक वेळी तपासणी करायची आणि नळीतलं पाणी स्वच्छ राहिलं की मनातल्या मनात उडी मारायची. दिवाळीनंतर नवीन कोळंबी सोडली. ईशानं तिचं नाव ठेवलं नाही. आधी राहू दे, म्हणाली.

आणि मग उत्तरायणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सकाळी, सगळं बडोदं गच्चीवर असताना, माझा फोन वाजला. आबांनी मला स्वतः फोन केलेला तो पहिलाच.

"कोळंबी गेली," ते म्हणाले. "पांढरी पडून खाली पडली आहे."

मी गळ्याला दोन फेरे ओढणी गुंडाळली, कारण त्या दिवशी रस्त्यावर मांजा कुठून गळ्यावर येईल सांगता येत नाही, आणि स्कूटर काढली. दर गच्चीवर स्पीकर, वर आभाळ पतंगांनी भरलेलं, आणि मी खाली मान घालून मनाशी उजळणी करते आहे. दगड माझे. पाणी आरओचं. जग प्लास्टिकचा. मग राहिलं काय?

घरात आबा एकटे होते. बाकी सगळे गच्चीवर. वाळूवर कोळंबी आडवी पडलेली, मिशांसकट, पायांसकट, अख्खी. पण मी वाकून नीट पाहिलं. ती आरपार दिसत होती. चिमट्यानं उचलली तर वजनच नाही. आत काहीच नव्हतं.

मी मोबाइलचा दिवा लावून दगडामागे धरला. कपारीत, अगदी आत, दोन पांढऱ्या मिशा हलत होत्या. मग लाल पाठ दिसली, आधीपेक्षा मोठी, नवीकोरी.

"आबा, इकडे या," मी म्हटलं. "मेली नाही. कात टाकली तिनं."

कोळंबीला वाढायचं तर जुनं कवच सोडावं लागतं. नवं कवच घट्ट होईपर्यंत ती लपून बसते. आणि पाण्यात तांबं असेल तर बहुधा याच वेळी तिचा घात होतो. ती सुखरूप बाहेर आली याचा अर्थ पाणी निर्मळ होतं, माझ्या कुठल्याही नळीपेक्षा खात्रीनं. हे मी आबांना भराभरा सांगत होते, माझा आवाज चढत होता आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून कपारीत बघत होते. किती तरी वेळ बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि 'काप्यो छे' म्हणून पोरांनी थाळ्या बडवल्या.

आबा सरळ झाले. त्यांनी काचेवरची रेघ पाहिली. पाणी बोटभर खाली होतं, कारण सणाच्या गडबडीत मेधा भर घालायची विसरली होती. ते आत गेले. हात धुतल्याचा आवाज आला, नुसत्या पाण्यानं, बराच वेळ. मग ते निळा जग घेऊन आले. आरओचं पाणी भरलेलं, वर देवघरातली ताटली झाकलेली, आणि जग पंच्याच्या टोकात धरलेला. त्यांनी धार धरली. तीच बारीक धार. रेघेला पाणी टेकलं तेव्हा टाकीत एक तरंग नव्हता.

इतक्यात मेधा तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन खाली आली. मला पाहून दचकली, काय झालं विचारलं आणि सवयीनं आबांच्या हातातला जग घ्यायला पुढे झाली.

"शिवू नकोस त्याला," आबा म्हणाले. "तो सोवळ्यातला आहे."

पुढे माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मी दुकान बंद केलं. पण वासण्याला अजून जाते. त्या घराच्या देवघरात तांब्याची लोटी असते आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच मानानं, निळा प्लास्टिकचा जग. ईशा सुट्टीवर आली तेव्हा तिनं तो उचलायला हात पुढे केला, तर आबांनी तिला आधी आंघोळ करून यायला सांगितलं.